वाईच्या वाड्यांतील काळोखाची खोली

वाईस जाणारा मनुष्य प्रथम ढोल्या गणपतीचें दर्शन घेतो, मग घडीभर कृष्णेच्या पायऱ्यांवर बसतो आणि सवड असल्यास मेणवलीचा घाट पाहून येतो. गेल्या कार्तिकांत आम्हीहि याच क्रमानें हिंडलों. परंतु आमचें मुख्य प्रयोजन निराळें होतें. मधल्या आळींतील आमचा वडिलार्जित वाडा विकला गेला असून माघानंतर तो उतरविण्याचें ठरलें होतें. तत्पूर्वीं त्याचीं छायाचित्रें कृष्णधवल फिल्मवर घ्यावीं आणि ती फिल्म त्याच वाड्यांत, आपल्या हातांनीं धुवावी, असें माझ्या मनानें घेतलें. बरोबर आलेल्या नातीनें विचारलें, “आजोबा, मोबाईलवर मिनिटाला पन्नास फोटो निघतात. मग हा खटाटोप कशाला?” तेव्हां मला नीटसें उत्तर सुचलें नाहीं.

कॅमेरा मधल्या काकांचा, दोन भिंगांचा जुना यशिका. वरच्या भिंगांतून आपण पाहावयाचें, खालच्या भिंगानें फिल्मवर चित्र उमटावयाचें. तो पोटाशीं धरून मान खालीं घालावी लागते, आणि कांचेवर दिसणारें चित्र डावें-उजवें उलट असतें. ४०० वेगाच्या इलफर्ड एचपी-५ प्लस फिल्मचे दोन रोल मुंबईहून मागविले होते. एका रोलवर चौकोनी बारा चित्रें. म्हणजे आमचें सारें भांडवल चोवीस चित्रांचें.

प्रकाश मोजण्याचें यंत्र जवळ नव्हतें, परंतु नवशिक्यास पुरेल असा एक नियम आहे. स्वच्छ उन्हांत भिंगाचें छिद्र १६ या आंकड्यावर ठेवावें आणि फिल्मचा जो वेग, तितकाच सेकंदाचा अंश द्यावा. ४०० वेगाच्या फिल्मला कॅमेऱ्यावरील जवळचा आंकडा ५०० चा. आभाळ भरून आलें तर छिद्र ८ करावें, मोकळ्या सांवलींत ५.६. येथें आंकडा जसजसा लहान तसतसें छिद्र मोठें, आणि १६, ११, ८, ५.६ अशा प्रत्येक पायरीस प्रकाश दुप्पट होतो. शंका वाटल्यास सांवलीच्या भागाचा विचार करून थोडा अधिक प्रकाश द्यावा. फिल्मवर जी सांवली मुळांत उमटलीच नाहीं, ती मागाहून कोणत्याहि उपायानें आणतां येत नाहीं.

पहिला रोल आम्हीं नदीकांठीं खर्च केला. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ मध्यें बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचें पाणी तिच्यावर येऊन दुभंगतें. दुपारीं पाहिलें तर घाटाच्या पायऱ्या एकसारख्या करड्या दिसतात. सकाळच्या तिरप्या उन्हांत मात्र प्रत्येक पायरीस एक उजळ कड आणि एक काळी कड येते. ज्या चित्रांत रंग नाहीं, त्यांत सर्व काम ऊन-सांवलीलाच करावें लागतें, हें तेथें नातीस न सांगतां कळलें. पुढें मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आणि त्यामागील घाट पाहिला. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा तेथें अद्यापि टांगलेली आहे. घरीं परतल्यावर बारावें, म्हणजे शेवटचें चित्र तुळशीवृंदावनापाशीं उभ्या असलेल्या वहिनींचें घेतलें. त्यांचें वय त्र्याऐंशीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्या वाडा सोडून कायमच्या पुण्यास मुलाकडे जावयाच्या होत्या.

फिल्म डब्यांत भरण्यास पूर्ण काळोख लागतो. वहिनींनीं आपण होऊन बाळंतिणीची खोली उघडून दिली. जाड भिंतींची ही खोली. तिला एकच लहानसा झरोका. त्यावर घोंगडी लावली, दाराच्या फटींत लुगडीं खुपसलीं. मी व माझीं चार भावंडें याच खोलींत जन्मलों; वहिनींचीं दोन्ही बाळंतपणें येथेंच झालीं. काळोखांत फिल्म तिच्या पाठीवरील कागदापासून सोडवून चक्रांत गुंडाळावयाची आणि चक्र टाकींत ठेवून झांकण घट्ट लावावयाचें. त्यापुढील काम दिव्याच्या उजेडांत होतें, कारण टाकींत औषध जातें पण प्रकाश जात नाहीं. चक्र भरण्याचा सराव वाया गेलेल्या फिल्मवर आधीं उजेडांत व मग डोळे मिटून केलेला असावा. आम्हीं तो केला होता.

परंतु मी एक चूक केली. डेव्हलपर आणि हायपो सारख्याच बाटल्यांत भरले होते. अर्ध्या तासानें फिल्म बाहेर काढली, ती कांचेसारखी स्वच्छ! कडेला कंपनीचीं अक्षरें असतात, तींहि नव्हतीं. चित्रें नसून अक्षरें असतीं, तर दोष कॅमेऱ्याकडे गेला असता. दोन्ही नाहींत, म्हणजे दोष धुण्याचा. मीं हायपो आधीं ओतला होता. प्रकाश पडलेल्या चांदीच्या क्षारांत चित्र असतें, पण तें सांख्यांच्या भाषेंत अव्यक्त असतें. डेव्हलपर त्याची काळी चांदी करून तें व्यक्त करतो, आणि काळा न झालेला क्षार हायपो विरघळवून नेतो. येथें कांहींच काळें झालेलें नव्हतें. सर्वच वाहून गेलें. घाट गेला, घंटा गेली, त्याचें फारसें वाटलें नाहीं. तीं पुन्हां पाहतां येतील. वहिनींचें चित्र गेलें, तें मनास लागलें.

त्यांना सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “उद्यां सकाळीं काढा कीं, भाऊजी. मी दुपारपर्यंत आहें.”

दुसऱ्या सकाळीं ओसरी, माजघर, जिना, देवघराची चौकट असे अकरा फोटो घेतले. प्रत्येक वेळीं मी व नात पांच पांच मिनिटें उभीं राहून काय ठेवावें, काय सोडावें हें ठरवीत होतों. बाराव्यासाठीं वहिनी स्वतःच बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या. उजेड थोडा, कॅमेरा स्टुलावर ठेवून छिद्र ४ आणि सेकंदाचा पंधरावा अंश दिला. हलूं नका म्हटलें, तर म्हणाल्या, “या वयांत हलायचं तरी कुठं?”

त्या गेल्यावर दुसरा रोल धुतला. या खेपेस नातीनें बाटल्यांवर ठळक आंकडे घातले होते. नळाचें पाणी २४ अंशांचें होतें, म्हणून बाटल्या माठाच्या पाण्यांत ठेवून औषध २० अंशांवर आणलें. आयडी-११ डेव्हलपर पाणी न मिसळतां साडेसात मिनिटें, प्रत्येक मिनिटास पहिले दहा सेकंद टाकी हळूच उलटसुलट करून; मग क्रिया थांबविणारें आम्लाचें पाणी अर्धा मिनिट; मग हायपो पांच मिनिटें; शेवटीं पाणी अनेकदां बदलून धुणें. झांकण उघडलें आणि नात ओरडली, “आजोबा, आहेत!” ओली फिल्म त्याच खोलींतील खुंटीस टांगली, कारण तेथें वारा नव्हता आणि धूळ उडत नव्हती.

वाळल्यावर ती उजेडासमोर धरली. निगेटिव्हांत सर्वच उलटें. खोलीचा काळोख उजळ झालेला आणि वहिनींचे पांढरे केस काळेभोर. रात्रीं फोनवर त्यांना तसें सांगितलें. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, “मग एक तसंच उलटं ठेवा, भाऊजी. लग्न होऊन आले तेव्हां असेच होते.”

फाल्गुनांत वाडा उतरला. नातीच्या प्रश्नाचें माझें उत्तर एवढेंच, कीं बाराच चित्रें मिळणार म्हणून आम्हीं तो वाडा त्या सकाळीं जितका पाहिला, तितका साठ वर्षांत पाहिला नव्हता. ज्यांचे वाडे उभे आहेत, त्यांनीं एक रोल जरूर आणावा; आणि बाटल्यांवर आंकडे आधीं घालावे. आमच्या बारा निगेटिव्ह कागदी पाकिटांत ठेवल्या आहेत. त्यांवर नातीनें वर्ष आणि वहिनींचें नांव लिहिलें आहे.