मुंबईचा म्हातारा

‘‘आजोबा, जरा बाजूला होता का?’’

सिंहगडाच्या पायवाटेवर मागून आवाज आला. मी वळून पाहिलं. कोण बरं हे आजोबा? मागे तिशीतला एक तरुण पाठीवर पिशवी अडकवून उभा होता. पुढे आमची ही होती. म्हणजे तिसरा उमेदवारच नव्हता!

निवृत्त होऊन मला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. घरी नात ‘आजोबा’ म्हणते ते निराळं. तो लाड. पण परक्या माणसानं, भर वाटेत, पुराव्याशिवाय? मी बाजूच्या दगडावर बसलो. ‘दम लागला’ असं मी कधीच म्हणत नाही. दम लागला, की मी निसर्ग बघतो.

त्या दिवशी निसर्गात सोनकी होती. सप्टेंबर महिना, सगळा उतार पिवळाधमक. कुणी गडावरून हळदीचं पोतं उपडं केलं असावं तसा. या सोनकीचं मला नेहमी वाईट वाटतं. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि वर्तमानपत्रांत फोटो मिळवते. सोनकी बिचारी दर पावसाळ्यात, ऑगस्ट उजाडला की हजर. रजा नाही, बढती नाही. आमच्या ऑफिसातही असंच होतं.

बरोबर आमच्या इमारतीतले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. ते म्हणाले, ‘‘हे एक फूल नव्हे बरं का. मधला प्रत्येक ठिपका हे वेगळं फूल, आणि कडेची एकेक पाकळी हेही फूलच. सूर्यफुलाचं कूळ हे.’’

एका देठावर इतकी बिऱ्हाडं, आणि पाण्याच्या वेळेवरून भांडण नाही! मला आमच्या सोसायटीची सभा आठवली.

‘‘शास्त्रीय नाव सेनेसिओ बॉम्बेएन्सिस,’’ प्राध्यापक थांबायला तयार नव्हते. ‘‘लॅटिनमध्ये सेनेक्स म्हणजे म्हातारा.’’

‘‘म्हणजे मुंबईचा म्हातारा!’’ मी म्हणालो.

‘‘आणि हे पुण्याचे,’’ आमची ही म्हणाली.

एका चढणीत दोनदा! गडावर पोचल्यावर पिठलं-भाकरीसुद्धा मला अळणी लागली. इतक्या टवटवीत, सोनेरी फुलाला म्हातारा कशाला म्हणायचं, असं मी प्राध्यापकांना जरा तावातावानंच विचारलं. वकीलपत्र अर्थात मी स्वतःचंच घेतलं होतं. ते नुसते हसले. ‘‘नोव्हेंबरात या, म्हणजे कळेल.’’

नोव्हेंबरात गेलो. या खेपेला नातही होती. गवत वाळलं होतं, पिवळा रंग गेला होता. सोनकीच्या शेंड्यांवर पांढऱ्या केसांचे झुबके उभे होते. हुबेहूब आमच्या बागेतल्या बाकावरची संध्याकाळची मंडळी. मी मुकाट्यानं टोपी डोक्यावर ओढून घेतली.

नातीनं एका झुबक्यावर जोरात फुंकर मारली आणि ओरडली, ‘‘आजोबा, म्हातारी!’’

मी दचकून हिच्याकडे पाहिलं. हिनं माझ्याकडे. मग दोघांनाही हसू आवरेना. सावरीची, रुईची म्हातारी पकडत आम्हीही लहानपणी धावलोच होतो की! लॅटिनवाल्यांना त्या पांढऱ्या केसांत म्हातारा दिसला, आपल्या पोरांना म्हातारी. वयाबद्दल मात्र दोन्हीकडे एकमत.

एकेक बी आपापल्या पांढऱ्या केसांवर तरंगत दरीकडे निघालं होतं. हे केस नसते, तर ते तिथंच पायाशी पडलं असतं. सोनेरी दिवसांत फुलाला जागचं हलता येत नव्हतं. प्रवास सुरू झाला तो केस पिकल्यावर. मी सहा महिन्यांपासून रोज दुपारी घड्याळाकडे बघत बसत होतो, हे मला उगाचच आठवलं.

‘‘आता अजून एक!’’ नात म्हणाली. मी वाकलो. गुडघा कुरकुरला. पण झुबका शोधला आणि दोघांनी मिळून फुंकर मारली.

‘‘आजोबा, जरा वाट देता का?’’ मागून कुणीतरी म्हणालं.

मी वळूनसुद्धा न बघता बाजूला झालो.