दोन बोटांची गिटार

माझ्या भाच्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं वाकत नाहीत. लहानपणी सायकलच्या चेनमध्ये हात गेला होता. गेल्या वर्षी त्यानं गिटारचा हट्ट धरला म्हणून मी त्याला एका क्लासमध्ये घेऊन गेलो. तिथल्या सरांनी हात पाहिला आणि त्याच्यासमोरच म्हणाले, ‘‘याला नाही जमणार. गाणं शिकवा.’’ परत येताना सक्करदरा चौकापर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

महिन्याभरानं तो एक चिमटा घेऊन आला. ‘‘मामू, इसको कॅपो बोलते.’’

कॅपो समजायला नागपूरकरांना अवघड जाऊ नये. रघुजीराजे भोसल्यांनी ताजुद्दीन बाबांना याच सक्करदऱ्यात आपल्या वाड्यात आणून ठेवलं होतं. बाबांच्या उरुसात कव्वालांच्या पुढ्यात स्केल चेंजर पेटी असते. गळ्याला काळी एक जड जाऊ लागली की वादक पट्ट्यांची अख्खी रांग बाजूला सरकवतो. बोटं तीच, सूर बदलतो. गिटारवर हेच काम कॅपो करतो. तो गळ्यावर आवळून बसवला की सहाही तारा त्या घरात दाबल्या जातात. दर घराला सूर अर्धा स्वर चढतो. सी कॉर्डची बोटं तशीच ठेवून कॅपो तिसऱ्या घरात लावला, तर ऐकू येते काळी दोन. मात्र कॅपोनं सूर फक्त चढतो, उतरत नाही.

स्पेनमध्ये फ्लॅमेंको वाजवणारे लाकडाचा कॅपो वापरतात. त्याला ते सेहिया म्हणतात. गाणाऱ्याचा गळा ज्या पट्टीत मोकळा होतो, तिथं तो सरकवायचा. गळ्यानं वाद्याकडं जायचं नाही, वाद्यानं गळ्याकडं यायचं. गरीब विद्यार्थी पेन्सिल आणि रबर बँड लावूनही भागवतात, तेही चालतं.

पण भाच्याला हवा होता तो निराळाच कॅपो. सगळ्या तारा न दाबणारा. असे कॅपो बरेच आहेत. स्पायडर कॅपोला सहा सुटे आकडे असतात. हवी ती तार दाबा, हवी ती सोडा. अरबी कानूनवर तारांपाशी छोट्या खिट्ट्या असतात, त्याची मला आठवण झाली. दुसऱ्या एका प्रकाराचा कॅपो लागोपाठच्या तीनच तारा दाबतो. साधा कॅपोही जरा कमी सरकवून लावला, तर जाडी तार मोकळी राहते आणि खर्ज घुमत राहतो.

भाच्यानं गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून कानस आणली. जुन्या कॅपोची दांडी आणि तिच्यावरचं रबर घासून पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या तारेची जागा मोकळी केली. दुसऱ्या घरात तो आवळला आणि मोकळ्या तारा छेडल्या. मी ऐकतच राहिलो. जाड्या तारेपासून खाली सूर येत होते: सा, प, सा, म, प, सा. पांढरी तीनमध्ये लावलेला तंबोराच जणू! त्यात मध्यमही होता. मोकळ्या तारा एकमेकींना धरून वाजतात, त्यामुळे त्यावर एक-दोन तारा दाबल्या तरी कॉर्ड भरलेला वाटतो. आणि त्याची दोन बोटं तर शाबूतच आहेत.

गंमत म्हणजे तारा पिळून दुसऱ्या सुरात लावल्या की बोटांच्या सगळ्या जागा नव्यानं शिकाव्या लागतात. इथं तसं नाही. कॅपोच्या पुढच्या घरांत जिथं बोट ठेवाल, तिथं पूर्वीचाच सूर निघतो. शिकलेलं वाया जात नाही.

आता तो रोज संध्याकाळी वाजवतो. कॉर्ड बदलताना अजून अडतो, काही गाणी त्याला येणारच नाहीत. कुणीतरी त्याला म्हणालं, कॅपो लावणं म्हणजे लबाडी. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, ‘‘माझा चष्मा लबाडी आहे का?’’

हे बोललो खरा, पण रात्री झोप लागली नाही. त्या क्लासच्या सरांवर मी वर्षभर चिडून होतो. गेल्या वर्षीच माझ्या नववीतला एक मुलगा वक्तृत्व स्पर्धेसाठी नाव द्यायला आला होता. तो बोलताना अडखळतो. मी फार प्रेमानं, खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, ‘‘बेटा, तुला नाही जमणार.’’ बी.एड.ला विद्यार्थ्यांतल्या वेगळेपणावर मी चांगली पानभर उत्तरं लिहिली होती. अडखळणारी कितीतरी मुलं तालासुरात म्हणताना अडखळत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही.

काल त्याला वर्गाबाहेर बोलावलं. स्पर्धेऐवजी संमेलनात एखादी नज्म तरन्नुममध्ये म्हणशील का, विचारलं. तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘सर, माझा आवाज फुटलाय. वरचा सूर लागत नाही.’’

मी म्हटलं, ‘‘पट्टी तू सांग. गिटारवाला माझ्या घरातच आहे.’’

त्यानं अजून हो म्हटलेलं नाही. यादी शनिवारी द्यायची आहे. त्याच्या नावापुरती एक ओळ मी कोरी ठेवली आहे.