प्रोब, कॅव्हिटी आणि एक बुडबुडा

नवीन विद्यार्थी बहुधा पहिल्याच आठवड्यात प्रोबच्या प्रेमात पडतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. सपाट तोंडाची कोएक्शियल प्रोब पाण्यात बुडवली, की नेटवर्क अ‍ॅनालायझरवर कित्येक गिगाहर्ट्झचा आलेख एका दमात उमटतो. 25 अंशांच्या पाण्याचा पराविद्युत स्थिरांक 78 च्या आसपास सुरू होऊन उतरू लागतो आणि लॉस 19 गिगाहर्ट्झजवळ माथा गाठतो. क्षेत्र इतक्या वेगाने दिशा बदलतं, की रेणूंना त्याच्याबरोबर वळणं जमेनासं होतं.

मला या सहजपणाचीच धास्ती वाटते. प्रोबच्या तोंडापुढे क्षेत्र जेमतेम काही मिलिमीटर पोचतं, आणि बुडबुडा चिकटतो तो नेमका तिथेच. उपकरण कुरकुर करत नाही. गुळगुळीत, अगदी पटण्याजोगा, पण थोडा कमी स्थिरांक हातात ठेवतं. म्हणून प्रोब तिरकी बुडवायची आणि तोंड निरखून बघायचं. कॅलिब्रेशन होतं उघडं टोक, शॉर्ट आणि शुद्ध पाणी यांवर. सॉफ्टवेअरला 25 अंश सांगितले आणि बीकरमध्ये 30 निघाले (मे महिन्यात निघतातच), तर 76.6 चं पाणी 78.3 चं म्हणून खपतं आणि पुढचं प्रत्येक माप तेवढं वाकडं होतं.

तेलापाशी तर प्रोब हात टेकते. ट्रान्सफॉर्मर तेलाचा स्थिरांक 2.2 च्या आसपास, पण लॉस इतका नगण्य की प्रोबच्या अनिश्चिततेतच बुडून जातो. कधी तो ऋणही येतो. म्हणजे तेल ऊर्जा खाण्याऐवजी वाटत सुटलंय! इथे कॅव्हिटीच हवी. बारीक केशनळीत द्रव भरून मधोमध सोडायचा: अनुनादाची वारंवारता किती सरकली यावरून स्थिरांक, शिखर किती रुंदावलं यावरून लॉस. मात्र माप त्या एकाच वारंवारतेचं. आणि नळी जरा जाड असेल, तर पाणी शिखरच गिळून टाकतं.

तिसरी वाट काल-प्रांतातली: पायरीसारखा स्पंद केबलमधून सोडायचा आणि परतलेल्या लाटेचं फूरिए रूपांतर करायचं. फेलनर-फेल्डेग यांनी ती 1969 मध्ये मांडली. मराठवाड्यातल्या विद्यापीठांत तिच्यावर द्रवमिश्रणांचं भरपूर काम झालंय.

मी क्लोरोफॉर्मसारखा मधल्या लॉसचा द्रव घेऊन कॅव्हिटीच्या वारंवारतेला प्रोबचा आकडा ताडून बघतो. जुळला नाही, तर आधी थर्मामीटर, मग बुडबुडा, मग केशनळीचा आतला व्यास. सूत्रांवर संशय घ्यायची पाळी क्वचितच येते.