मागे राहिलेले माणूस

लंडनमध्ये डिसेंबरात चार वाजण्यापूर्वीच सूर्यास्त होतो, आणि येथे दिवेलागण होते त्या वेळी अंबरनाथच्या आमच्या घरी साडेनऊ वाजत आलेले असून आई स्वयंपाकघराची झाकपाक करीत असते, हा हिशेब गेल्या अकरा वर्षांत माझ्या पुरता अंगवळणी पडला आहे.

अशा वेळी उल्हासनगरच्या कॅम्पातील एका वृद्ध सिंधी कापड दुकानदाराची मला हटकून आठवण होते. महायुद्धकाळात कल्याणनजीक लष्करासाठी उभारलेल्या ज्या छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे एक लक्ष माणसे वसविली गेली, जेथे एकाच बराकीत गोणपाटाचे पडदे बांधून अनेक कुटुंबांनी आपापले संसार मांडले, आणि जिला ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवून उल्हास नदीवरून आजचे नाव दिले, त्या छावणीत हे गृहस्थ वयाच्या सोळाव्या वर्षी आले. थोरला भाऊ मात्र जमीनजुमला सांभाळण्यासाठी शिकारपुरास राहिला. मागे सोडलेल्या मालमत्तेचे दावे पुढे सरकारदरबारी दाखल झाले, १९५४ च्या कायद्याने नुकसानभरपाईची तजवीजही झाली. परंतु मागे राहिलेल्या माणसाचा दावा कोणत्या कचेरीत गुदरावा?

मी निघण्यापूर्वी वडिलांबरोबर या गृहस्थांच्या दुकानी गेलो, तेव्हा पगाराची वा हुद्द्याची चौकशी न करता, कापड मोजता मोजता, त्यांनी एवढेच विचारले, "पीछे घर में कौन रहेगा?" मला तो केवळ शिष्टाचार वाटला. त्यानंतर दोन वर्षांनी वडील गेले, आणि त्या प्रश्नाचे उत्तर एकटी आई उरली.

येथील मराठी मंडळींच्या मेळाव्यात कोणी आपल्या वास्तव्यास वनवास म्हणू लागला की मी अस्वस्थ होतो. त्या सोळा वर्षांच्या मुलास सरहद्दीने हुसकावले होते. मी स्वहस्ते अर्ज भरला, पारपत्र घेतले आणि परतीचे तिकीट खिशात ठेवून आलो. त्यांचे दुःख उसने घेण्याचा आम्हांस अधिकार नाही.

त्या दोघा भावांची पुन्हा भेट झाली नाही. मला मुंबईपर्यंत विमानाचे नऊ तास लागतात, आणि दादरला बदलापूरची लोकल मिळाली की तासा-सव्वातासात अंबरनाथ येते. गेली तीन वर्षे मी गेलेलो नाही.