खालचा सूर

मोहर्लीला आम्ही दोघी गेलो त्या वाघ पाहावा म्हणून नव्हे. आमची थोरली बहीण चंद्रपुरात राहते. तिने सत्तरी ओलांडली, आणि इतकी वर्षे ती करीत असलेला आग्रह आता तरी मानावा, असे आम्हांला वाटले. नाताळचा सण आटोपून जानेवारीत आम्ही वसईहून निघालो. स्थानकावर ती न्यायला आली आणि घरी न नेता गाडीत बसवून तीसेक किलोमीटरवरच्या मोहर्लीलाच घेऊन आली. "घरी गेलो की कामे निघतील. इथे निवांत बोलू," एवढेच म्हणाली. इरई धरणाच्या जलाशयावरून येणारा वारा इतका बोचरा होता, की पहिल्या संध्याकाळी बोलण्याऐवजी आम्ही तिघी शालींत गुरफटून दात वाजवीत बसलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे जंगलात गेलो. ताडोबाला राष्ट्रीय उद्यान म्हणून १९५५ साली मान्यता मिळाली, व्याघ्रप्रकल्प १९९५ साली झाला, ही माहिती आम्हांला आमच्या वाटाड्या बाईंनी दिली. मोहर्लीच्या बाजूने आता स्त्रियाही हे काम करतात. तेलिया तलावापाशी गाडी थांबवून त्यांनी एक हकिकत सांगितली. काही वर्षांपूर्वी या तलावाच्या आसऱ्याने एका वाघिणीच्या चार मुली एकत्र वाढल्या. एकत्र खेळत, एकत्र पाण्यात बसत. त्यांच्यावर चित्रपटही निघाला. मग? "मग मोठ्या झाल्या जी. ज्याचा त्याचा इलाका. बहिणी झाल्या म्हणून का झालं?"

थोरली गालातल्या गालात हसली. आम्ही दोघींनी मात्र एकमेकींकडे पाहण्याचे टाळले. कारण आम्हीही एकेकाळी तिघी एकत्र होतो. वसईच्या आमच्या गावात 'तिघी बहिणींचे गाणे' म्हटले, की लग्नाच्या मांडवातली पाठीमागची माणसे पुढे सरकत. आणि थोरली एके दिवशी उठून निघून गेली होती.

आमच्या गाण्याची सुरुवात अर्थातच देवळात झाली. मिस्साची मराठी गीते सर्वजण एका सुरात गात. परंतु नाताळच्या दिवसांत मास्तर व्हायोलिन घेऊन बसत आणि मुलींना तीन आवाजांत वाटून देत. त्या वाटणीत आम्हां तिघींचे आवाज असे काही मिसळले, की मास्तरांनी वाजवणे थांबवून पुन्हा गायला लावले. यात आमचे कर्तृत्व काहीच नव्हते, हे आता कळते. एका घरात वाढलेल्या मुलींचे उच्चार सारखे असतात. 'आ' म्हणताना तोंड सारखेच उघडते, श्वास एकाच ठिकाणी तुटतो, गळ्याची घडणही एकाच आईकडून आलेली असते. परक्या गायिकांना जे मिसळणे वर्षानुवर्षांच्या सरावाने साधावे लागते, ते बहिणींना भाकरी भाजता भाजता साधते.

बोटीवर नोकरीस असलेल्या मामांनी त्याच सुमारास एक तबकडी आणली. तिच्यावर चार अमेरिकन मुली एकसारखे झगे घालून उभ्या होत्या आणि वर नाव होते लेनन सिस्टर्स. 'सिस्टर्स' हा शब्द वाचून आमच्या आजीला ती एखाद्या मठातील धर्मभगिनींची तबकडी वाटली. तिने ती देव्हाऱ्याजवळ ठेवायला सांगितली. आजीची चूक फार मोठी होती असे नाही. डायॅन, पेगी, कॅथी आणि जॅनेट या चौघी कॅलिफोर्नियातील व्हेनिस गावच्या कॅथॉलिक कुटुंबातल्या होत्या. डायॅनच्या कॅथॉलिक शाळेत लॉरेन्स वेल्क या वाद्यवृंदप्रमुखाचा मुलगा शिकत होता. त्याने या मुलींना घरी नेऊन सर्दीने अंथरुणात पडलेल्या आपल्या वडिलांसमोर उभे केले. १९५५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येस त्या दूरदर्शनवर पहिल्यांदा गायल्या. धाकटी जॅनेट तेव्हा अवघी नऊ वर्षांची होती. पुढे तेरा वर्षे त्या वेल्कच्या कार्यक्रमात गात राहिल्या. आम्ही तबकडी झिजेपर्यंत ऐकली आणि एकसारखे तीन झगे शिवून घेतले.

मुंबईत असे कोणी नव्हते काय? होते की. भायखळ्याच्या पोलीस वसाहतीत राहणाऱ्या सामी या तमिळ कुटुंबातील बहिणी पाश्चात्त्य गाणी गात असत. त्यांतील उमा पोचा यांनी मीना कावा यांच्या वाद्यवृंदासमवेत गायिलेले मुंबईवरचे गाणे आमच्या पिढीतील पुष्कळांना आठवत असेल. उमा, इंदिरा आणि माया या बहिणींच्या गाण्यामुळेच उषा यांना गाण्याची गोडी लागली. उषा भायखळ्याच्याच सेंट ॲग्नेस शाळेत शिकत होत्या. शाळेत त्यांचा आवाज इतर मुलींत बसेना. तो फार खालचा, जाडसर. तेव्हा त्यांना गाण्याच्या वर्गातून बाहेर काढले गेले. मात्र मुलीच्या अंगात संगीत आहे, हे बाईंना कळत होते. म्हणून त्यांनी तिच्या हाती ट्रायँगल आणि टाळ्यांची वाद्ये दिली. पुढे अमीन सायानी यांनी त्यांना रेडिओ सिलोनवर गाण्याची संधी दिली, आणि १९६९ साली मद्रासच्या एका नाइट क्लबात रेशमी साडी, कपाळावर टिकली अशा वेशात त्या जे गायल्या, ते आजवर थांबलेल्या नाहीत. त्याच उषा उथुप. २०२४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. चौघी बहिणींत अखेर सर्वांत दूर पोहोचला तो वर्गाबाहेर काढलेला खालचा आवाजच.

आपल्याकडे बहिणींचा असा संघ फार काळ का टिकत नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. मंगेशकर भगिनींएवढे गाणे एका घरात क्वचितच असेल. १९५७ च्या 'मदर इंडिया'त लता, मीना आणि उषा एकत्र गायल्याही. पण संघ म्हणून त्या कधीच उभ्या राहिल्या नाहीत. लताबाई आणि आशाबाई आपापल्या वाटेने गेल्या, मीनाताईंनी बालगीतांना चाली दिल्या. आपले संगीत एका गळ्याचे आहे. त्यात दुसरा आवाज आला तर तो मागे तंबोऱ्यासारखा राहतो किंवा पुढे येऊन जुगलबंदी करतो. तीन वेगळे सूर एकाच वेळी धरायचे आणि तिघांपैकी कोणाचेही गाणे स्वतंत्रपणे पूर्ण नसायचे, ही कल्पना आपल्याकडे देवळाच्या माडीवरूनच आली असावी. आमच्या मास्तरांना हे मत मान्य नसते. पण ते आता वाद घालायला नाहीत.

आता आमची गोष्ट. आमच्यापैकी एक चाल गाई, दुसरी वरचा सूर लावी आणि थोरली खालचा. १९७८ साली मुंबईतल्या एका स्पर्धेसाठी आम्ही नाव दिले होते. तीन आठवडे उरले असताना थोरलीने जाहीर केले, की चंद्रपूरला परिचारिकेची नोकरी मिळाली आहे आणि ती रविवारी निघणार. आधी एक शब्दही नव्हता. आम्ही दोघींनीच स्पर्धेत गायचे ठरवले. गायलोही. दोन ओळींतच समजले, की गाण्याला पायच उरलेले नाहीत. परीक्षकांनी सौम्यपणे काही सांगितले. ते आम्ही ऐकले नाही. झगे आईने पुढे उशांच्या अभ्ऱ्यांसाठी वापरले.

त्यानंतर आम्ही थोरलीशी बोलत नव्हतो असे नव्हे. लग्नाला गेलो, बारशांना गेलो, आईच्या दफनाच्या वेळी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. परंतु गाण्याचा विषय कोणी काढला नाही. पत्र लिहिताना आम्ही 'इकडे सर्व क्षेम' लिहीत असू, आणि त्या 'सर्व' मध्ये तो विषय येत नसे.

अँड्र्यूज भगिनींविषयी आम्ही वाचले ते याच काळात. मिनेसोटाच्या त्या तिघी, लॅव्हर्न, मॅक्सिन आणि पॅटी, १९३७ साली एका यिडिश गाण्यामुळे प्रसिद्धीस आल्या आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या लाडक्या झाल्या. चाल पॅटीची, वरचा सूर मॅक्सिनचा, खालचा थोरल्या लॅव्हर्नचा. हीच लॅव्हर्न लहानपणी मूकपटांना पियानोची साथ करी आणि त्या मोबदल्यात तिघींना नृत्याचे धडे मिळत. पुढे १९५३ मध्ये पॅटीने एकटीने गायचे ठरवले. बहिणींना ते वर्तमानपत्रातून कळले म्हणतात! तीन वर्षांनी पुन्हा एकत्र आल्या. १९६७ साली लॅव्हर्न कर्करोगाने गेली. दुसरी गायिका घेऊन पाहिली, पण ते जमले नाही. राहिलेल्या दोघींनी १९७४ मध्ये ब्रॉडवेवर एक संगीतिका एकत्र केली आणि नंतर त्यांच्यात जो दुरावा आला तो १९९५ मध्ये मॅक्सिन मरेपर्यंत जवळजवळ तसाच राहिला. हे वाचून आम्हांला भीती वाटली होती. तरी आम्ही विषय काढला नाहीच.

लेनन भगिनींतील डायॅनही १९६० साली लग्न करून संघ सोडून गेली होती. बाकीच्या तिघी गात राहिल्या. १९६४ मध्ये ती परतली, तेव्हा तिची जागा रिकामीच होती. १९६९ च्या ऑगस्टमध्ये एका माथेफिरू चाहत्याने त्यांच्या वडिलांना गोळ्या घालून ठार केले. ज्या लोकप्रियतेसाठी घरदार राबले, तिनेच घराचा खांब नेला. तरीही त्या थांबल्या नाहीत. पुढे पेगी निवृत्त झाली तेव्हा मिमी ही धाकटी बहीण तिच्या जागी उभी राहिली. मोठ्या कुटुंबाचा हा एक फायदा.

मोहर्लीच्या शेवटच्या रात्री, शेकोटीपाशी, आम्ही डायॅनची गोष्ट थोरलीला सांगितली. मुद्दामच सांगितली, हे कबूल करायला हवे. ती बराच वेळ काटकीने निखारे सारखे करीत राहिली.

"मी स्पर्धेला घाबरून गेले, असं वाटतं तुम्हांला?"

"मग?"

"बारा वर्षे खालचा सूर धरला मी. लोक घरी जाताना चाल गुणगुणत जायचे. माझा सूर कोणी गुणगुणत नेला का कधी? एकदा घरी कोणी नसताना मी एक गाणं एकटीनं म्हणायला घेतलं, तर मला चालच येईना. खालचाच सूर तोंडात येत होता. त्या दिवशी मी नोकरीचा अर्ज लिहिला."

"आम्हांला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला चाल दिली असती. आणि मग खाली कोण उभं राहिलं असतं?"

यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. आम्हांपैकी एकीने विचारले, इथे चंद्रपुरात गातेस का. ती म्हणाली, रात्रपाळीला वॉर्डात गात असे, मुलांसाठी. कोणते? तिने नाव सांगितले. ते आमच्या त्या झिजलेल्या तबकडीवरचेच होते. मग तिने ते सुरू केले, अगदी हळू, आणि चाल धरून. आवाज आता थरथरतो, वरच्या जागा निसटतात. आम्ही दोघी थांबून राहिलो. मग धाकटीने खालचा सूर लावायचा प्रयत्न केला. तो तिला झेपेना. दुसरीने लावून पाहिला. तोही भलताच लागला. थोरली गाता गाताच हसू लागली, आणि हाताने, खाली, आणखी खाली, असे खुणावू लागली.

दुसऱ्या कडव्यापर्यंत आलो असू, तेवढ्यात चौकीदार बॅटरी घेऊन आला. "बाई, जंगल आहे इथं. इतक्या रात्री आवाज करू नका जी."

थोरलीने त्याला बसायला सांगितले आणि चहाचे विचारले. तो बसला नाही. पण शेकोटीत आणखी एक ओंडका सरकवून गेला.