मॅडम, एक सांगायचं राहिलं...

माझ्या हॉस्टेलच्या कपाटात एक स्टीलचा डबा आहे. झाकणावर पप्पांचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. फर्स्ट इयरला येताना आईने त्यात शेंगदाण्याचे लाडू भरून दिले होते. लाडू आठवड्यात संपले (रूम पार्टनर कोल्हापूरचा असल्यावर दुसरं काय होणार?) आणि डबा रिकामा राहिला. टीईला असताना त्या डब्यात दोन वस्तू शेजारी शेजारी असायच्या. एक म्हणजे गोळ्यांच्या स्ट्रिप्स. दुसरी, पेपरात गुंडाळलेली पुडी.

पुडीत काय असायचं हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. डे-स्कॉलर मंडळींसाठी सांगतो, गांजा.

आधी गोळ्यांचं सांगतो. डिप्रेशन म्हणजे खूप रडू येणं, असा माझा समज होता. मला रडू येतच नव्हतं. काहीच येत नव्हतं. एसईच्या दुसऱ्या सेमला, म्हणजे २०२३ च्या सुरुवातीला, मी सकाळी जागा व्हायचो आणि छताकडे बघत पडून राहायचो. दात घासायला उठायचं हेसुद्धा सबमिशनसारखं वाटायचं, उद्या करू. आणि ओरल्स आल्या की याच्या बरोबर उलटं. रोल नंबर पुकारला की छातीत धडधड, हाताला इतका घाम की जर्नलच्या कव्हरवर बोटांचे डाग. एक्स्टर्नलने नाव विचारलं तरी घशातून आवाज निघेना. दोन बॅक लागले, त्यातला एक अर्थातच एम-थ्री. पोरं म्हणाली, 'अरे एम-थ्री तर सगळ्यांचाच राहतो.' तेही खरंच होतं म्हणा.

शेवटी रूम पार्टनरनेच (त्याला आम्ही कोल्हापूरकरच म्हणतो, तेच चालवू) माझ्या घरी फोन केला. ऑगस्टमध्ये पप्पा बार्शीहून पहाटेच्या एसटीने आले आणि आम्ही दोघं एका मानसोपचार तज्ज्ञ मॅडमकडे गेलो. पप्पांनी चपला बाहेर काढल्या. दवाखान्यात कुणीच काढत नव्हतं, तरी काढल्या.

मॅडमनी शांतपणे सगळं विचारलं. झोप, जेवण, घरात आणखी कुणाला असं होतं का, जीव द्यावासा वाटतो का. मग फॉर्मवरचा पुढचा प्रश्न, 'दारू, तंबाखू, गांजा वगैरे काही?'

पप्पा शेजारच्या खुर्चीत बसले होते. हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी आणलेली ज्वारीची कडक भाकरी. मी म्हणालो, 'नाही मॅडम. फक्त चहा.'

मॅडमनी 'नाही' वर टिक केली. बस्स, एवढंच झालं. पुढचे सात महिने त्या एका टिकेवर गेले.

गांजा मी एसईतच सुरू केला होता. टेरेसवर, पाण्याच्या टाकीमागे, सीनियर्सबरोबर. कुणी जबरदस्ती वगैरे केली नव्हती, ते सिनेमात. मला झोप येत नव्हती आणि दोन कश मारले की यायची. डोक्यात सतत चालू असलेला आवाज कुणीतरी कमी केल्यासारखं वाटायचं. ज्याला ते वाटलंय त्याला 'गांजा वाईट' असा बोर्ड दाखवून काही उपयोग नाही, एवढं मी आजही म्हणेन. आराम खोटा नव्हता. पण तो सकाळपर्यंतच टिकायचा आणि मग छत जिथल्या तिथे.

मॅडमनी एस्सिटालोप्राम दिली. पहिला आठवडा ५ एमजी, मग १०. शिवाय फारच घाबरायला झालं तर रात्री घ्यायला क्लोनाझेपाम, तीही मोजकीच. एस्सिटालोप्रामचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, सुरुवातीला मळमळ होईल, उलट जास्त अस्वस्थ वाटेल, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. आणि पंचविशीच्या आतल्या मुलांत सुरुवातीच्या दिवसांत कधीकधी जीव देण्याचे विचार वाढू शकतात, म्हणून कुणीतरी सोबत असू दे, असंही. पप्पांनी हे सगळं एसटीच्या तिकिटाच्या मागे लिहून घेतलं.

आता मी इंजिनिअर. दोन गोष्टी एकत्र घेऊ नयेत एवढी अक्कल मला होती, म्हणून मी माझा स्वतःचा प्रोटोकॉल काढला. सोमवार ते शुक्रवार गोळी. शनिवार-रविवार गोळी बंद, टेरेस चालू. म्हणजे एका दिवशी एकच. किती लॉजिकल! एका सीनियरने त्याला मान्यताही दिली. त्याचं म्हणणं असं की गोळी म्हणजे केमिकल आणि हे नॅचरल, देवाला चालतं ते. (शिवरात्रीचा दाखला प्रत्येक टेरेसवर दिला जातो.) धोतरासुद्धा नॅचरलच आहे आणि तोही महादेवालाच वाहतात, हे तेव्हा मला सुचलं नाही. सुचलं असतं तर बरं झालं असतं.

दर सोमवारी दुपारी प्रॅक्टिकलला मला गरगरायला लागलं. मान वळवली की डोक्यात बारीक करंट बसल्यासारखं व्हायचं. चिडचिड तर विचारू नका, एकदा सोल्डरिंग गन टेबलावर आपटली. मी मॅडमना सांगितलं, 'सोमवारी जास्त त्रास होतो.' त्यांनी विचारलं, 'गोळी रोज घेतोस ना?' 'हो मॅडम.' ऑक्टोबरमध्ये डोस १५ झाला. डिसेंबरमध्ये २०.

याचं गणित मी नंतर केलं. एस्सिटालोप्रामची हाफ लाइफ साधारण ३० तास. शुक्रवारी रात्रीची गोळी शेवटची धरली तर सोमवारी दुपारी दोनला होतात ६४ तास, म्हणजे दोनहून थोड्या जास्त हाफ लाइफ. पाव भागाच्या आसपास औषध उरलं. दर वीकएंडला मी औषध अर्धवट सोडत होतो आणि दर सोमवारी पुन्हा सुरू करत होतो, तो करंट त्याचाच. आणि गांजातलं टीएचसी चरबीत विरघळतं. नेहमी ओढणाऱ्याच्या शरीरात ते रविवारी रात्री बारा वाजता सही करून बाहेर पडत नाही, दिवसचे दिवस राहतं. थोडक्यात 'एका दिवशी एकच' असं काही नव्हतंच. दोन्ही कायम आत होती, फक्त एक खाली-वर होत होतं.

मार्च २०२४. इन-सेम चालू होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर. (हसू नका.) झोप येईना म्हणून वार असूनही मी टेरेसवर गेलो. त्या दिवशीचा माल नवीन होता, कुणीतरी कुठून तरी आणलेला. पुडीवर काही एमजी छापलेले नसतात. गांजा थोडा असला तर घाबरणं कमी करतो आणि जास्त झाला तर तोच घाबरवतो, आणि थोडा कुठे संपतो ते ओढणाऱ्याला आधी कळत नाही. दहा मिनिटांत माझं हृदय कानात वाजायला लागलं. आपण आत्ता मरणार याची पक्की खात्री झाली. मी कसाबसा खाली आलो आणि डब्यातली क्लोनाझेपाम घेतली. पंधरा मिनिटांत काही फरक पडेना म्हणून दुसरी घेतली.

त्यानंतरचं मला तुटक तुटक आठवतं. कोल्हापूरकर माझं मनगट धरून घड्याळात बघतोय. १३० म्हणाला बहुतेक. मग कुणाशी तरी फोनवर बोलतोय. मेसच्या नोटीस बोर्डावर टेलि-मानसचं पोस्टर आहे, १४४१६, सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली चोवीस तासांची लाइन. त्याने तिथे फोन लावला होता. पलीकडच्या बाईंनी काय घेतलं, किती घेतलं ते विचारलं. हाक मारल्यावर उठतोय का, श्वास नीट आहे का, कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका, आणि उठेनासा झाला तर एक मिनिट न थांबता १०८. तो दर थोड्या वेळाने मला गदागदा हलवत होता आणि मी शिव्या देत होतो. शिव्या येतायत म्हणजे ठीक आहे, असं त्याने ठरवलं. पेपर त्याचाही होता. त्याने तो दिला, झोप न घेता. मी दुपारी दीडला उठलो.

संध्याकाळी तो मेसमधून ताट घेऊन आला, ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, 'तुझ्या आईला काय सांगणार होतो मी? सांग की आता!' मला वाटलं तो ओरडेल. त्याचा आवाज फुटला होता.

दोन दिवसांनी मी एकटाच मॅडमकडे गेलो. वीस मिनिटं झोप, जेवण, अभ्यास यावर बोललो. उठलो, दारापर्यंत गेलो, आणि परत फिरून म्हणालो, 'मॅडम, एक सांगायचं राहिलं.'

सगळं सांगितलं. शनिवार-रविवारचा प्रोटोकॉलसुद्धा. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि माझी फाईल मागून पुढे चाळायला लागल्या. ऑक्टोबर. डिसेंबर. प्रत्येक पानावर थांबत. मग म्हणाल्या, 'म्हणजे इतके दिवस मी वेगळ्याच मुलाला औषध देत होते.'

रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण ब्लॉक डायग्रॅम काढतो. आउटपुट बघायचा, फीडबॅक घ्यायचा, इनपुट दुरुस्त करायचा. मॅडम नेमकं तेच करत होत्या. मी सिस्टिममध्ये एक मोठा डिस्टर्बन्स सोडला होता आणि सेन्सरला सांगत होतो की काही नाही, फक्त चहा. मग गेन वाढवत नेण्याशिवाय कंट्रोलर बिचारा काय करणार? पेपरला बसलो असतो तर हे उदाहरण लिहिता आलं असतं.

मॅडमनी आणखी दोन गोष्टी समजावल्या. क्लोनाझेपाम आणि गांजा दोन्ही सुस्ती आणणारे, एकावर एक चढतात. आणि गांजातलं दुसरं एक द्रव्य, कॅनाबिडिऑल, लिव्हरमधल्या सीवायपी-२सी१९ नावाच्या एन्झाइमला अडवतं. माझ्या गोळीचा निचरा करण्यात त्याच एन्झाइमचा मोठा वाटा. म्हणजे कागदावर २० एमजी असले तरी रक्तातली पातळी त्याहून वर जाऊ शकते. आमच्या टाकीमागच्या एक्स्पर्ट लोकांपैकी कुणाला हे माहीत नव्हतं. एकाला फक्त एवढं माहीत होतं की १९९२ मध्ये जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांना मेंदूतच तयार होणारं गांजासारखं एक रसायन सापडलं आणि त्यांनी आपल्या 'आनंद' शब्दावरून त्याचं नाव आनंदामाइड ठेवलं. ते खरं आहे, मी तपासलं. पण त्यावरून 'म्हणजे ओढायला हरकत नाही' हे कसं निघतं ते मला अजून कळलेलं नाही.

मी विचारलं, 'पप्पांना सांगणार का?' मॅडम म्हणाल्या, 'तू सज्ञान आहेस. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्याने मला ते गुप्त ठेवावं लागतं. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी.' मग थोडं थांबून, 'तो प्रश्न मी त्यांना बाहेर बसवून विचारायला हवा होता. ते माझं चुकलं.'

सोडताना काय होतं हे कुणी फारसं सांगत नाही. दुसऱ्या दिवसापासून भूक गेली, मेसची पोळी तोंडात फिरायला लागली. रात्री घामाने बनियन ओला. झोप नाही, आणि आली तर स्वप्नं इतकी स्पष्ट की उठल्यावर एसईचा एक्स्टर्नल खोलीत आहे का ते बघायचं. मला वाटलं आजार परत आला. पहिला आठवडा सगळ्यात वाईट जातो हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं म्हणून मी टिकलो. गोळ्या मात्र एक दिवसही चुकवायच्या नाहीत, ही त्यांची अट. डोस हळूहळू, त्यांच्या हिशेबाने, २० वरून १० वर आला. जूनमध्ये एकदा मी परत टाकीमागे गेलो. एकदाच. पण पुढच्या भेटीला सांगितलं. मॅडमनी तारीख लिहून घेतली आणि पुढचा प्रश्न विचारला.

आता बीईला आहे. १० एमजी चालू आहे. एम-थ्री निघाला, कंट्रोलही निघाला, कसा ते विचारू नका. ओरलला हात अजून घामेजतात, पण नाव सांगता येतं.

लेखाखाली नाव छापू नका असं मी संपादकांना सांगितलंय. तरी एक अडचण आहेच. मॅगझीन दरवर्षी मी घरी नेतो आणि पप्पा दुपारी जेवण झाल्यावर मराठी विभाग पहिल्या पानापासून वाचतात, इंग्लिश विभागाचे फोटो बघतात. गोळ्यांचं त्यांना माहीत आहे. पुडीचं नाही. तो डबा त्यांच्या लग्नात आलेला आहे, त्यामुळे पहिल्या परिच्छेदातच ते चष्मा काढून माझ्याकडे बघतील.

दिवाळीला जाताना अंक हातात येईल असं म्हणतायत.