तिथीची पाऊणपट आणि दाभोळची खाडी

वाशिष्ठी नदी सह्याद्रीवरून उतरून चिपळुणाजवळून वाहत येते आणि पुढें सुमारें ४० किलोमीटर खाडीरूपानें नागमोडी वळणें घेत दाभोळ व अंजनवेल यांच्यामधून समुद्रास मिळते. उत्तरतीरावर दाभोळ, दक्षिणतीरावर अंजनवेल व त्याच्या माथ्यावर गोपाळगड. बहमनी व आदिलशाही अमदानींत दाभोळ हें फार मोठें बंदर होतें. त्या वैभवाची खूण म्हणून एक दगडी मशीद खाडीकांठीं अद्याप उभी आहे. सडक नव्हती आणि रेल्वेही नव्हती, त्या काळीं चिपळुणाकडचा माल भरतीच्या पाण्यावर गोवळकोटापर्यंत गलबतांनीं व पडावांनीं जात असे. आतां तो व्यापार उरला नाहीं. दाभोळहून पलीकडे धोपाव्यास मोटारीसुद्धां नेणारी फेरीबोट मात्र चालते, आणि कोळी-खारव्यांच्या होड्या पूर्वींप्रमाणेंच पहाटे मुखाकडे निघतात.

या खाडीच्या उत्तरतीरीं, दाभोळपासून थोडें आंत, आमचें वडिलोपार्जित घर आहे. नोकरीचीं सारीं वर्षें आम्हीं मुंबई-ठाण्याच्या बाजूस मुलांना संस्कृत शिकविण्यांत घालविलीं आणि निवृत्त होतांच येथें येऊन राहिलों. होडीशीं आमचा संबंध यावा असें कांहींच कारण नव्हतें. परंतु आमच्या पुतण्यानें तीन वर्षांपूर्वीं एक जुनी लांकडी होडी विकत घेतली. तो पुण्यास नोकरीस असतो. महिन्यांतून एकदां कन्येस घेऊन येतो आणि दिवसभर खाडींत गरवीत बसतो. गरवणें म्हणजे गळानें मासे धरणें. हा शब्द कोंकणाबाहेरच्या वाचकांस कदाचित् नवीन असेल.

आम्ही मत्स्याहारी नाहीं. शाकाहारी कुळांत ही काय अवदसा, असें आमच्या सौ.नीं पहिल्याच दिवशीं विचारलें. पुतण्यानें उत्तर दिलें कीं, मी मासा धरतों आणि परत सोडून देतों. हें ऐकून गांवचे तांडेल इतके हंसले कीं त्यांस ठसका लागला. "मग धरायचाच कशाला, गुरुजी?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पण संस्कृतज्ञ मनुष्य सहसा हरत नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत राजाच्या विनोदांमध्यें मत्स्यविनोदाचें प्रकरण आहे. त्यांत समुद्रांतल्या व नदींतल्या माशांचे प्रकार, गळ, दोरी आणि कोणत्या माशास काय आमिष द्यावें, इतका तपशील दिलेला आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत तो ग्रंथ छापलेला आहे. म्हणजे केवळ करमणुकीखातर गळ टाकणारा आमचा पुतण्या कांहीं पहिला नव्हे. तांडेलांनीं सारें ऐकून घेतलें आणि विचारलें, "राजाची होडी कोण चालवीत होता?"

होडी घेण्यापूर्वीं पुतण्यानें तांडेलांस दाखविली, हें त्यानें शहाणपणाचें केलें. रंग नवा होता व भाव बरा होता. तेवढ्यावर तो भुलला असता. तांडेलांनीं होडी उलटी करविली, खिशांतला चाकू काढला आणि तळाच्या मुख्य लांकडास, फळ्यांच्या सांध्यांस व जेथें पावसाचें पाणी सांचून राहतें अशा कोपऱ्यांस टोंचून पाहिलें. सुकें व निरोगी लांकूड चाकूस दाद देत नाहीं. कुजलेल्यांत तो लोण्यांत शिरावा तसा शिरतो. खाऱ्या पाण्यांत लांकूड पोंखरणारा एक किडा असतो. त्याचें भोंक बाहेरून टांचणीएवढें दिसतें, आंत मात्र बोटभर रुंदीचे बोगदे असतात. म्हणून बारीक भोंकें मोजावीं, हेंही त्यांनीं सांगितलें. दोन फळ्या बदलाव्या लागल्या. फटींत कापसाचे पीळ ठोकून भरले व आंतबाहेर काजूच्या टरफलांचें तेल दिलें. हें तेल हातास लागलें तर कातडी भाजते, तेव्हां हौशी मंडळींनीं ब्रश व हातमोजे यांवांचून त्याच्या वाटेस जाऊं नये.

आणखी एक गोष्ट पुण्याच्या माणसास ठाऊक नसते. लांकडी होडी उन्हांत कोरडी पडून राहिली तर फळ्या आकसून फटी उघडतात. पावसाळ्यानंतर पुतण्यानें ती पाण्यांत लोटली तेव्हां तासाभरांत निम्मी भरली आणि तो रडकुंडीस आला. वास्तविक तिला किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यांत दोन-तीन दिवस तशीच भिजत ठेवावी लागते, म्हणजे लांकूड फुगून फटी आपोआप मिटतात.

गरवण्यासाठीं फारशी सामग्री लागत नाहीं. तंगूस, चारदोन प्रकारच्या गऱ्या, शिशाचीं वजनें आणि आमिषास जिवंत कोळंबी. तिवरांच्या मुळांशीं, खडकांच्या आडोशास तांबोशी लागते. ती गळ गिळतांच मुळांत शिरते व तंगूस तोडते, म्हणून हिसका बसतांच तिला मोकळ्या पाण्याकडे ओढावें लागतें. गळास शिंगाडा लागला तर मात्र सांभाळावें. त्याच्या कल्ल्यांमागचे व पाठीवरचे कांटे विषारी असतात. पुतण्यास एकदां तळहातास कांटा लागला. वेदनेनें त्याचा चेहरा काळवंडला. तांडेलांच्या मंडळींनीं त्याचा हात सोसवेल इतक्या कढत पाण्यांत बुडवून ठेवविला व अर्ध्या-पाऊण तासांत वेदना उतरली. डॉक्टरही हाच उपाय सांगतात, असें आम्हांस पुढें कळलें. जखम मात्र दाखवून घ्यावीच.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. खाडींतल्या लहान होडीचा खरा धनी भरती-ओहोटी होय. संस्कृतांत 'वेला' या एकाच शब्दाचे काळ, समुद्राचा कांठ आणि भरती असे अर्थ होतात, हें आम्हीं मुलांना किती वेळां सांगितलें असेल! त्याचा अर्थ आम्हांस साठी उलटल्यावर एका संध्याकाळीं कळला.

किनाऱ्यावर एक जुना हिशेब प्रचलित आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. भरती रोज सुमारें ४८ मिनिटें मागें पडते, त्यावरून हा हिशेब बसतो. पूर्ण भरतीनंतर साधारण सवासहा तासांनीं पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, म्हणजे पाणी फार चढतें व फार उतरतें. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हां चढउतार थोडा. पाणी सारख्या वेगानें उतरत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. एकंदर उताराचे बारा भाग कल्पिले तर पहिल्या तासांत एक भाग, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत व चौथ्यांत तीन-तीन, मग दोन, मग एक. पहिल्या दोन तासांत मनुष्य निर्धास्त राहतो आणि पुढच्या दोन तासांत फसतो.

गेल्या वर्षीं हिंवाळ्यांत पुतण्या आला त्या दिवशीं संकष्टी होती. तांडेलांस लग्नास जावयाचें होतें. निघतांना ते म्हणाले, "गुरुजी, साडेतीनच्या आंत परत या." आम्हीं बोटांवर हिशेब करून त्यांस समजाविलें कीं, आज चतुर्थी, भरती तीनला, पांचपर्यंत भरपूर पाणी आहे. तांडेल कांहींएक बोलले नाहींत. नात दहा वर्षांची. तिनें हट्ट धरला म्हणून तीही होडींत. लाइफ जॅकेट दोनच होतीं. एक नातीस घातलें, दुसरें पुतण्यानें आमच्यापुढें केलें. धोतरावर तें चमत्कारिक दिसेल म्हणून आम्हीं तें बसावयास घेतलें. हें लिहितांना लाज वाटते, पण लिहिलें पाहिजे.

साडेअकरास चढत्या पाण्याबरोबर वर गेलों. दुपारीं नांगर टाकून पुतण्यानें दोन तांबोशा धरल्या व सोडल्या. चारला परत फिरलों. ओहोटीचा ओढ विलक्षण होता. कोयनेवर वीज केल्यावरचें पाणी १९६० च्या दशकापासून पोफळीकडून वाशिष्ठींत उतरतें, त्यामुळें या खाडींत उतरत्या पाण्यास आणखी जोर येतो. पांचच्या सुमारास, आमचा धक्का समोर दिसत असतां, होडी भाटीवर खरकन् चढली आणि थांबली.

इंजिन उचललें, वल्हीं रोंवलीं, कांहीं उपयोग झाला नाहीं. पाणी डोळ्यांदेखत सरकत होतें. पुतण्यानें ढकलण्यासाठीं खालीं पाय टाकला तो मांडीपर्यंत रुतला. आम्ही दोघांनीं वल्हें आडवें देऊन त्यास कसाबसा वर ओढला. चप्पल चिखलांत राहिली. नात विचारूं लागली, "आजोबा, मगरी इथपर्यंत येतात का?" वाशिष्ठीच्या वरच्या अंगास मगरी आहेत हें तिला ठाऊक होतें. आम्हीं नाहीं म्हणून सांगितलें. खरें म्हणजे आम्हांस माहीत नव्हतें.

पुतण्यानें मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवींत घट्ट बांधून आणला होता, हें नशीब. घरीं कळविलें, सौ.नीं लग्नघरीं तांडेलांस गांठलें. त्यांचा फोन आला. "कोणी उतरूं नका. नांगर खोल पाण्याच्या बाजूला फेंका, दोर आवळून बांधा. साडेदहाला होडी उठेल." तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक पुतण्यानें फोनमध्यें घालून ठेवला होता, तो लावूं का, असें त्यानें विचारलें. तांडेल म्हणाले, "होडीत बसून आहांत तोंवर धोका नाही. पाणी चढतांना सांभाळायचें."

त्याचा अर्थ अंधार पडल्यावर कळला. पाणी पुरतें ओसरतांच होडी एका कुशीवर कलंडली. आतां भरती आली म्हणजे ती उठण्यापूर्वींच खालच्या कांठावरून पाणी आंत शिरण्याची भीति. पुतण्यानें इंजिन, पेट्रोलचा डबा व सर्व सामान उंच बाजूस लादलें. आम्ही तिघें त्याच बाजूस एकमेकांस बिलगून बसलों. आतां आम्हीं बसावयास घेतलेलें जॅकेट निमूटपणें पुतण्यास घालावयास लाविलें. त्यास हें मान्य नव्हतें. पण पाणी आलें तर मुलीस धरणारा मनुष्य तरता असला पाहिजे, एवढें तरी आमच्या ध्यानांत आलें. वारा झोंबत होता. उपवरण्यानें नातीस गुंडाळलें. पिशवींत दोन केळीं व शेंगदाण्याचा एक लाडू होता. तो तिला दिला.

पावणेनऊच्या सुमारास पूर्वेकडच्या डोंगरावर चंद्र आला. घरीं या वेळीं अर्घ्य, आरती व मोदक. आम्ही चिखलांत कललेल्या होडींतून हात जोडले. त्याच उजेडांत आमच्या मनांत एकाएकीं उगवलें कीं, संकष्टी ही चंद्रोदयीं जी चतुर्थी असेल तिच्यावर ठरते. दुपारीं तृतीयाच होती! जन्मभर पंचांग वाचलेल्या मनुष्यानें चुकीच्या तिथीची पाऊणपट केली होती. तिनाची पाऊणपट सव्वादोन होते. त्यांतही हा हिशेब आम्ही मुंबईकडे शिकलों होतों. भरती दक्षिणेकडून येते, तेव्हां दाभोळास ती मुंबईपेक्षां लौकर पोंहोंचते. म्हणजे पूर्ण भरती दीडच्या सुमारासच होऊन गेली होती. आम्ही भाटीवर आलों तेव्हां साडेतीन तास उलटून बारांपैकीं निम्म्याहून अधिक भाग पाणी गेलें होतें.

नऊ वाजतां खोल पाण्यांत एक दिवा दिसला. तांडेल लग्नांतले कपडे न बदलतां आपली होडी घेऊन आले होते. जवळ येणें त्यांसही शक्य नव्हतें. ते तेथेंच नांगर टाकून बसले आणि मधून मधून हांक मारीत राहिले. नात त्यांस उत्तर देई. त्या हांकांनीं आम्हांस जो आधार वाटला तो शब्दांत सांगतां येत नाहीं.

पाणी चढूं लागलें. खालच्या कांठाशीं तें चार बोटांवर आलें, तीन बोटांवर आलें. पुतण्यानें डबा हातांत घेऊन उपसण्याची तयारी केली. मग होडी कण्हल्यासारखी हलली, सरळ झाली आणि नांगराच्या दोरावर डुलूं लागली. घड्याळांत साडेदहास सात मिनिटें कमी होतीं.

तांडेलांनीं त्या रात्रीं पैसे घेतले नाहींत. सौ.नीं दिलेले मोदक मात्र त्यांनीं धक्क्यावरच उभ्यानें खाल्ले. "गुरुजी, पंचांग खोटें नाही," ते म्हणाले, "पण आपल्या धक्क्याचें पाणी आपल्या धक्क्यावर बघायचें." सूनबाई पुण्याहून दुसऱ्या दिवशीं आल्या व दोन दिवस आमच्याशीं बोलल्या नाहींत, त्यांचें कांहींच चुकलें नाहीं.

आतां होडींत तीन लाइफ जॅकेटें असतात व तिसरें धोतरावर चढतें. निघतांना कोठें जाणार व कधीं येणार हें घरीं पाटीवर लिहून ठेवतों. धक्क्याच्या खांबावर नातीनें रंगानें हातहात अंतरावर रेघा ओढल्या आहेत. सुट्टींत ती आली म्हणजे पाणी कोणत्या रेघेस केव्हां लागलें तें आमच्या पंचांगाच्या समासांत पेन्सिलीनें टिपते, आणि पाऊणपटीच्या हिशेबांत व तिच्या आंकड्यांत किती मिनिटांचें अंतर पडलें तें पुढें मांडते. मागच्या अमावास्येस तें ५० मिनिटें निघालें. तिच्या मतें तें ५२ असावयास हवें होतें. दोन मिनिटें आजोबांच्या घड्याळाचीं.